राहणीमानातील ‘मान’

‘राहणीमान’ या शब्दाच्या उत्तरार्धातील ‘मान’ हा ‘मा’ म्हणजे मोजणे या संस्कृत धातूपासून आलेला असून ‘तापमान’, ‘पर्जन्यमान’ या शब्दांप्रमाणे येथेही त्याचा अर्थ माप किंवा प्रमाण असाच आहे. माणसे काय खातात, काय नेसतात, कोणत्या छपराखाली निजतात आणि आजारी पडल्यास त्यांना काय उपचार मिळतात, याचे मोजमाप म्हणजे राहणीमान. मराठीत ‘मान’ असा उच्चार असलेला आणखी एक शब्द आहे. तो ‘मन्’ या निराळ्या धातूपासून आला असून त्याचा अर्थ आदर किंवा प्रतिष्ठा असा होतो. याच दुसऱ्या शब्दाला पाली वाङ्मयात तिसरी छटा लाभली आहे: तेथे ‘मान’ म्हणजे स्वतःला इतरांशी ताडून पाहण्याची, त्या तुलनेत स्वतःचे स्थान ठरवत राहण्याची चित्ताची खोड, आणि ती बंधनात अडकवणारी मानली जाते. व्युत्पत्तीने हे अर्थ एकत्र आणता येत नाहीत, पण परक्या देशातील सुखसोयी जोखणाऱ्या प्रवाशाच्या मनात ते हटकून एकत्र येतात. आपण केवळ मोजमाप करीत आहोत अशी त्याची समजूत असते. वस्तुतः तो स्वतःशी तुलना करीत असतो, आणि त्या तुलनेच्या भरात समोरच्या माणसाची प्रतिष्ठा कशावर अवलंबून आहे हे त्याच्या नजरेतून निसटते.

प्रवाशाला प्रथम वस्तू दिसतात, कारण त्या दिसण्यासाठी भाषा, ओळख किंवा दीर्घ वास्तव्य यांपैकी कशाचीही गरज नसते. नळाला पाणी आहे की नाही, शौचालय कसे आहे, जमीन फरशीची आहे की शेणाने सारवलेली, निजायला पलंग आहे की सतरंजी, हे पहिल्या तासाभरात कळते आणि त्यावरून देशाविषयीचे मत तयार होते. हे मत दोन दिशांनी चुकते. एक प्रवासी वस्तूंची उणीव पाहून तेथील माणसांनाच उणे ठरवतो. दुसरा त्याच उणिवेला साधेपणा, समाधान, अध्यात्म अशी नावे देऊन तिचे कौतुक करतो. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच गृहीतक असते, ते असे की वस्तूंच्या संख्येवरून जीवनाचा अर्थ लावता येतो, मग तो सरळ प्रमाणात लावला काय किंवा व्यस्त प्रमाणात. पश्चिमेकडे गेलेल्या मराठी प्रवाशांपुढेही हाच पेच होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाचे वेगळेपण असे की अमेरिकेतील समृद्धीने दिपून न जाता त्यांनी तेथील स्त्रियांचे शिक्षण, उद्योग आणि संस्था यांना निरीक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. घरात काय आहे यापेक्षा घरातील माणसाला काय करता येते, हा प्रश्न त्यात अधिक महत्त्वाचा ठरला.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नागपूर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश विशेष सोयीचा आहे, कारण राहणीमानाविषयीच्या दोन मूलभूत भूमिका येथे सुमारे पाऊणशे किलोमीटरच्या अंतराने उभ्या आहेत. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे महात्मा गांधी १९३६ मध्ये राहावयास आले आणि गरजा जाणीवपूर्वक कमी करण्याची जीवनपद्धती त्यांनी तेथे आचरली. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि दारिद्र्याला पवित्र ठरवणाऱ्या कोणत्याही धर्मविचाराशी असलेले आपले मतभेद त्यापूर्वीच स्पष्ट केले होते. देशोदेशींचे प्रवासी या दोन्ही ठिकाणी येत आले आहेत, आणि एका ठिकाणी शिकलेला धडा दुसऱ्या ठिकाणी तसाच लावता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात येतेच असे नाही.

अमेरिकी पत्रकार लुई फिशर १९४२ च्या जून महिन्यात सेवाग्रामला गांधींच्या आश्रमात आठवडाभर राहिले. पाऊस सुरू होण्यापूर्वीचे वऱ्हाड-नागपूरकडील ऊन सवय नसलेल्या माणसाला असह्य होते. फिशर यांनी त्यावर शोधलेली तोड त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे: पत्र्याच्या टबात पाणी भरून त्यात एक लाकडी खोके ठेवायचे, त्या खोक्यावर बसायचे, समोर दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून टिपणे काढायची आणि घाम आला की भांड्याने अंगावर पाणी घ्यायचे. या प्रसंगावरून आश्रम गैरसोयीचा होता असे अनुमान काढता येईल, तसेच पाहुणा सुखासीन होता असेही म्हणता येईल; पण दोन्ही अनुमाने उथळ आहेत. या प्रदेशात उन्हाळा सुसह्य करण्याची जी जुनी साधने आहेत, म्हणजे मातीच्या जाड भिंती, कवेलूंचे उतरते छप्पर, दारावर लावलेल्या आणि पाणी शिंपडून ओल्या ठेवलेल्या वाळ्याच्या ताट्या, रांजणातले पाणी, पहाटे उठून कामे उरकणे आणि भर दुपारी उंबरठा न ओलांडणे, त्यांतील काही साधने वस्तू नसून सवयी आहेत. सवय प्रवाशाला विकत घेता येत नाही, आणि बहुधा दिसतही नाही. त्यामुळे ज्या दिनक्रमात स्थानिक माणसाची सोय सामावलेली असते, त्या दिनक्रमाबाहेर राहून दुपारी यंत्रावर बोटे चालवू पाहणाऱ्याला तेथे सोयीचा अभावच जाणवतो. सोय ही वस्तूच्या अंगी असलेला गुण नसून शरीर, हवामान, काम आणि सवय यांच्यातील एक संबंध आहे, एवढे तरी या टबातील टंकलेखनावरून सिद्ध होते.

हा संबंध सैद्धांतिक पातळीवर मांडण्याचे श्रेय जे. सी. कुमारप्पा यांना द्यावे लागते. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केलेले कुमारप्पा पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पाहू लागले, म्हणजे ज्या संपन्न जगाच्या मापाने भारत मोजला जात होता ते जग त्यांनी आतून पाहिले होते. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असा आक्षेप घेतला की राहणीमानाला ‘उच्च’ आणि ‘नीच’ ही विशेषणे लावणे हेच मुळात दिशाभूल करणारे आहे. गरजांची संख्या आणि त्या भागवणाऱ्या साधनांची गुंतागुंत यांवरून राहणी ‘साधी’ किंवा ‘गुंतागुंतीची’ म्हणता येईल, पण गुंतागुंतीची राहणी सांस्कृतिक दृष्ट्या खालच्या दर्जाची आणि साधी राहणी उच्च दर्जाची असू शकते. वर्णन आणि मूल्यमापन यांतील गल्लत या भेदामुळे उघडी पडते. एका घरात दहा यंत्रे आहेत आणि दुसऱ्यात एकही नाही, हे वर्णन झाले. पहिले घर वरचे आणि दुसरे खालचे, हा मूल्यनिर्णय आहे आणि त्याला निराळे समर्थन लागते. प्रवासी वर्णनावरून मूल्यनिर्णयाकडे जी उडी घेतो, ती ‘उच्च राहणीमान’ या शब्दप्रयोगात आधीच घेतलेली असल्यामुळे त्याला ती जाणवत नाही.

तीन दशकांनंतर, जानेवारी १९७८ मध्ये, ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले. पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू असलेले इलिच आधुनिक शाळा, रुग्णालये आणि वाहने माणसाला कसे परावलंबी करतात याचे टीकाकार म्हणून तोवर ख्यातनाम झाले होते. गांधी जेथे राहत त्या बापूकुटीत काही वेळ बसून राहिल्यावर जे सुचले ते त्यांनी तेथील एका परिषदेच्या उद्घाटनपर भाषणात मांडले. लाकूड-मातीची ती कुटी पाहताना तिच्यात काय नाही याची यादी न करता, पाहुण्यासाठी, आजाऱ्यासाठी, कामासाठी आणि नित्याच्या व्यवहारासाठी तिच्यात कोणकोणत्या जागा आहेत हे त्यांनी पाहिले; सामान साठवण्याची जागा आणि माणसाने राहण्याचे स्थान यांत त्यांनी भेद केला, आणि सोयी जमवत जाणारा माणूस त्या सोयींपुढे दुबळा होत जातो, असे प्रतिपादन केले. प्रवाशाच्या निरीक्षणाचा हा उत्तम नमुना होय, कारण येथे पाहणाऱ्याने परक्या घराला आपले माप लावण्याऐवजी त्या घरावरून आपले माप तपासले.

तरीही या निरीक्षणाला एक मर्यादा आहे, आणि ती इलिच यांच्या व्यक्तिगत दृष्टीपेक्षा प्रवासी नजरेच्या स्वरूपात अधिक आहे. तशाच मातीच्या भिंती, तशीच सारवलेली जमीन आणि तसाच वस्तूंचा अभाव विदर्भातल्या असंख्य शेतमजुरांच्या घरांतही होता, आणि तेथे तो कोणी निवडलेला नव्हता. उपवास करणारा आणि उपाशी असलेला यांच्या पोटात सारखेच अन्न नसते, पण पहिल्याला जेवण नाकारता येते तर दुसऱ्याला ते मिळतच नाही, हा भेद अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी राहणीमानाच्या चर्चेत आणला. त्यांच्या मते राहणीमानाचा विचार माणसाजवळ काय आहे एवढ्यावर न थांबता त्याला काय होता येते आणि काय करता येते, म्हणजेच त्याची ‘क्षमता’ काय आहे, येथपर्यंत गेला पाहिजे. या दृष्टीने पाहिल्यास बापूकुटी हा उपवास आहे आणि मजुराची झोपडी ही उपासमार आहे. त्या दोन्हींचे छायाचित्र मात्र जवळजवळ सारखेच येईल.

हाच आक्षेप अधिक धारदार रूपात आंबेडकरांनी आधीच घेतला होता. गांधींनी १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना जहाजावर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात, शरीरसुखालाच पुरुषार्थ मानणारी सभ्यता चांगली घरे, नवे कपडे आणि वेगवान वाहने यांनाच प्रगतीची खूण समजते, अशी टीका केली होती. आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले या प्रश्नावरील १९४५ च्या ग्रंथात तिला उत्तर दिले. पशू आणि माणूस यांच्या जीवनात फरक पडतो तो संस्कृतीमुळे, संस्कृतीसाठी फुरसत लागते, आणि रात्रंदिवस कष्टणाऱ्यांना ही फुरसत यंत्राखेरीज कोणी देऊ शकत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. ज्याच्या वतीने दुसरे कोणी राबत असते त्याला यंत्र अनावश्यक वाटू शकते; ज्याला स्वतः राबावे लागते त्याच्या दृष्टीने यंत्र म्हणजे स्वतःच्या मनाला मिळणारा वेळ असतो. गरजांच्या गुणाकाराविरुद्धचा गांधी-कुमारप्पांचा इशारा यामुळे खोटा ठरत नाही, पण तो कोणाला उद्देशून दिला जातो हा प्रश्न त्याला कायमचा चिकटतो.

वस्तू असूनही जीवन हीन कसे राहते, याचे उदाहरणही आंबेडकरांच्याच लेखनात आहे, आणि ते एका प्रवासाचेच आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मपर टिपणांत १९०१ च्या सुमारास सातारा परिसरातील मसूर स्थानकावर उतरलेल्या मुलांची हकीकत येते: अंगावर चांगले कपडे, जवळ पैसा आणि मुबलक शिदोरी असूनही जात कळल्यावर बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊ केले तरी तयार होईनात, शेवटी गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे अशा अटीवर गाडी मिळाली, आणि शिदोरी असूनही पिण्याचे पाणी न मिळाल्याने रात्र उपाशी काढावी लागली. उत्पन्न, वस्त्र, अन्न या कोणत्याही मापाने ही मुले गरीब ठरत नाहीत, तरी एक तांब्या पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर होते. याच टिपणांच्या आरंभी आंबेडकरांनी नोंदवले आहे की परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे एवढे ठाऊक असते, परंतु तिच्या शेजारी राहत नसल्यामुळे ती प्रत्यक्षात किती जाचक असते याची त्याला कल्पना येत नाही. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये म्हटले होते की त्यांच्या काळातील साध्या मजुरालाही लिननच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जाण्याची लाज वाटेल, म्हणून तो सदरा जीवनावश्यक वस्तूच मानला पाहिजे, कारण लाज न वाटता लोकांत वावरता येणे हीसुद्धा गरज आहे. मसूरच्या मुलांजवळ तो ‘सदरा’ होता, पण जो समाज सदऱ्याआधी जात विचारतो तेथे स्मिथ यांचे मापही अपुरे पडते.

येथे ‘मान’ शब्दाचा दुसरा अर्थ पहिल्याच्या आड येतो. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात केलेल्या भाषणात आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडल्यामुळे महारांचे आर्थिक नुकसान होते, अशा हिशेबाचा समाचार घेतला. कातडे, हाडे, शिंगे यांची किंमत मांडणारा तो हिशेब चुकीचा होता असे नव्हे. मानाच्या बदल्यात मिळणारा लाभ हा लाभ नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. बैलाला वैरण लागते तसे माणसालाही अन्न लागते, परंतु माणसाला मनही असते आणि त्याचीही जोपासना करावी लागते, हेही त्यांनी याच भाषणात सांगितले. दुसरीकडे, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, ही त्यांची १९५० मधील लेखातली अट होती. अन्न पुरे नाही म्हणून मन हवे, आणि मन आहे म्हणून अन्न नको असे मात्र नाही, असा हा दुहेरी विचार आहे. तो ध्यानात न घेता त्याचा एकच अर्धा भाग उचलणारा प्रवासी एक तर बाजारभावाचा हिशेब मांडत बसतो किंवा उपाशी माणसाच्या चेहऱ्यावर शांती शोधत राहतो.

बौद्ध परंपरेत या विचाराला एक जुनी चौकट उपलब्ध आहे. सुखलोलुपता आणि आत्मक्लेश ही दोन टोके टाळणारा मध्यम मार्ग सर्वश्रुत आहे. त्याहून कमी चर्चिली जाणारी गोष्ट म्हणजे भिक्षूच्या चार ‘प्रत्ययां’विषयीचे चिंतन. प्रत्यय म्हणजे जीवनाचा आधार असलेली साधने: चीवर, भिक्षान्न, निवास आणि आजारपणातील औषध. यांपैकी प्रत्येक वस्तू वापरताना ती कशासाठी आहे याचे स्मरण भिक्षूने करावयाचे असते. वस्त्र थंडी, ऊन, डास यांपासून रक्षणासाठी आणि लज्जारक्षणासाठी, अन्न शरीर टिकवण्यासाठी, निवास ऋतूंच्या उपद्रवापासून बचावासाठी. या यादीत औषध आहे आणि लज्जारक्षणही आहे, ही बाब महत्त्वाची. म्हणजे ज्याच्या खाली जाऊ नये अशी पातळी येथे मानलेली आहे, आणि ती केवळ पोटापुरती नाही. शिवाय वस्तूचे मूल्य तिच्या प्रयोजनावरून ठरवल्यामुळे प्रयोजन साधणारी साधी वस्तू आणि गुंतागुंतीची वस्तू यांत उच्चनीच भाव उरत नाही. हे चिंतन स्वतःच्या वापराविषयी आहे, शेजाऱ्याच्या नाही. शेजाऱ्याच्या बाबतीत परंपरा आधी सावध करते ती ‘माना’विषयी. मी श्रेष्ठ, मी समान, मी हीन, या तिन्ही रूपांत ‘मान’ प्रकट होतो, आणि सूक्ष्म बंधनांत त्याची गणना असल्यामुळे अर्हत्पद प्राप्त होईपर्यंत तो पुरता सुटत नाही, असे मानले जाते. स्वदेशाच्या गर्वाने नाके मुरडणारा पर्यटक आणि परदेशातील गुळगुळीत रस्ते पाहून स्वतःच्या देशाची लाज वाटणारा पर्यटक हे दोघे या विश्लेषणानुसार एकाच विकाराचे रुग्ण ठरतात.

मग परक्यांच्या जीवनाविषयी काहीच म्हणू नये काय? असा निष्कर्ष काढणे सोपे, पण अयोग्य आहे. कारण ‘ज्याची त्याची पद्धत’ असे म्हणून गप्प बसणारा प्रवासी मसूरच्या गाडीवानालाही पद्धतीचे संरक्षण देतो. निर्णय टाळता येत नसेल तर त्याची रीत तरी सुधारावी लागते. समोर जी वस्तू नाही, तिचे प्रयोजन दुसऱ्या कशाने साधले जाते काय, हे आधी विचारावे. साधले जात नसेल, तर ती उणीव तेथील माणसाने पत्करलेली आहे की त्याच्यावर लादलेली आहे, हे विचारावे. आणि वस्तू असलीच, तर ती मिळवताना कोणाला मान खाली घालावी लागते, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे खिडकीतून दिसत नाहीत, त्यांसाठी मुक्काम लागतो. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. ब्रिटिश बौद्ध लोकमित्र १९७७ मध्ये धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी नागपुरात पोहोचले आणि पुढे भारतातच राहून काम करू लागले. प्रत्येक प्रवाशाने असे करावे हे शक्य नाही, परंतु जो तीन दिवसांनी परतणार आहे त्याने आपल्या मताची मुदतही तेवढीच धरावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास नागपुरातील धम्मदीक्षेच्या जागी, म्हणजे दीक्षाभूमीवर, जमणारा जनसमुदाय ही या रीतीची कसोटी आहे. गावोगावहून रेल्वेने, बसने आलेली कुटुंबे गाठोडी उशाशी घेऊन पदपथावर आणि मोकळ्या मैदानांत रात्र काढतात, भोजनदानाच्या रांगेत उभी राहतात, आणि परतताना पुष्कळांच्या पिशवीत पुस्तके असतात. केवळ वस्तू मोजणाऱ्याला येथे निवारा नसलेले लोक दिसतील; केवळ भक्ती पाहणाऱ्याला गैरसोयीची तमा नसलेले लोक दिसतील. वरील प्रश्न लावल्यास दिसते ते असे: उघड्यावरची ती रात्र त्यांनी स्वतः निवडलेली आहे, कारण ज्या जागी त्यांच्या आधीच्या पिढीने मान परत मिळवला तेथे येणे त्यांना सोयीपेक्षा मोलाचे वाटते, परंतु पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय यांची उणीव कोणी निवडलेली नसते, आणि त्यांच्या श्रद्धेचा दाखला देऊन ती कोणाला माफही करता येत नाही. एकाच पदपथावर, एकाच रात्री, पत्करलेले आणि लादलेले असे शेजारी-शेजारी झोपलेले असते; त्यांना वेगळे ओळखणे हेच राहणीमान जोखणाऱ्याचे खरे काम आहे.